जमैकाला जाताय? पैसे कुठे कुठे गळतात आणि ते कसे थांबवायचे

सागरगोटा

कॅरिबियन बेटांबद्दल इथे सुटे सुटे प्रश्न येत राहतात. त्यातले निम्मे जमैकाबद्दल असतात, म्हणून जमैकापुरता हा एक धागा. टॅक्सी, बाजार, समुद्रकिनारा, धबधबे, कार्ड, फोन असं सगळं इथेच येऊ द्या. ज्यांना खात्रीची माहिती आहे त्यांनी भर घालावी.

मुळात एक समजून घ्या. तिथे पर्यटकाला टोपी घातली जाते ती बहुतेक वेळा धमकावून नाही, हसतखेळत. कुणी तुमची बॅग उचलतं, कुणी मनगटात मण्यांची माळ अडकवतं, कुणी रस्ता दाखवायला बरोबर चालू लागतं. भावाचं नावही निघत नाही. काम उरकलं की आकडा येतो, आणि तोपर्यंत तुम्हाला नाही म्हणायची लाज वाटायला लागलेली असते. म्हणून कुठलंही काम सुरू होण्याआधी चार प्रश्न विचारायचे:

कोणता डॉलर? माणशी की सगळ्यांचे मिळून? एका बाजूचे की जाऊन-येऊन? यात काय काय आलं?

पहिला प्रश्न सर्वात महत्त्वाचा, कारण तिथे दोन डॉलर चालतात. एका अमेरिकन डॉलरला साधारण १६० जमैकन डॉलर मिळतात. एक जमैकन डॉलर म्हणजे आपला अर्धा रुपया, किंचित जास्त. चिन्ह दोन्हीचं एकच. मेन्यूवर २,५०० लिहिलं असेल तर ते जमैकन. रस्त्यावरचा माणूस नुसतं 'ट्वेंटी' म्हणाला तर तो अमेरिकन धरून चाललाय असं समजा, पण विचारून घ्याच: 'यूएस ऑर जे?' लोक जमैकन डॉलरला 'जे'च म्हणतात, त्यामुळे हा प्रश्न कुणाला खटकत नाही.

सुट्या पैशांतली गळती हिशोब करून बघा. वस्तू १,५०० जमैकनची, तुम्ही २० अमेरिकन डॉलरची नोट दिलीत. १६० च्या दराने ते ३,२०० होतात, म्हणजे १,७०० परत यायला हवेत. दुकानदाराने स्वतःचा दर १३० धरला तर तुमच्या हातात १,१०० येतात. ६०० गेले, आणि त्यात खोटं कुणी काही बोललेलंही नाही. दिवसातून पाचदा असं झालं की एका जेवणाचे पैसे झाले. उपाय सोपा आहे. जमैकन किमतीची वस्तू जमैकन नोटांनीच घ्या, आणि अमेरिकन द्यायचेच असतील तर १ आणि ५ च्या नोटा भरपूर ठेवा.

निघण्याआधीची एक गोष्ट. प्रवेशाचा आणि कस्टमचा जो सी-फाइव्ह फॉर्म असतो तो एंटरजमैका डॉट कॉम (enterjamaica.com) या अधिकृत साइटवर फुकट भरता येतो. शोध घेतला की हुबेहूब तशाच दिसणाऱ्या साइट वर येतात आणि 'प्रोसेसिंग'चे पैसे मागतात. जिथे कार्ड नंबर मागितला ती साइट बंद करा. भारतीय पासपोर्टवर छोट्या पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, तेव्हा 'जमैका व्हिसा करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. मात्र वाटेत अमेरिकेत विमान बदलणार असाल तर अमेरिकेचा व्हिसा लागतो, नुसत्या ट्रान्झिटलाही. भारतातून निघणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं.

शमीपत्र

छान धागा. आम्ही दोघं आणि आई-बाबा, असे चौघं जाणार आहोत. विमान माँटेगो बेला उतरतं, हॉटेल निग्रिलला आहे. विमानतळावरून टॅक्सी करावी का? आणि खरी टॅक्सी ओळखायची कशी?

एडिसनकर

@शमीपत्र, अंतर साधारण ८० किलोमीटर, दीड तास. हॉटेल पॅकेजमध्ये ने-आण आहे का ते आधी बघा. बऱ्याचदा ती पैसे भरलेल्या पॅकेजमध्येच असते आणि लोक बाहेर येऊन वेगळी टॅक्सी करतात.

टॅक्सी ओळखायची ती नंबरप्लेटवरून. परवानाधारक प्रवासी वाहनाची प्लेट लाल असते आणि नंबराची सुरुवात 'पीपी' किंवा 'पीपीव्ही' अशा अक्षरांनी होते. पांढऱ्या प्लेटची गाडी खासगी. तीच भाड्याने फिरवणाऱ्याला तिथे 'रोबोट टॅक्सी' म्हणतात. ती बेकायदा असते, अपघात झाला तर विमा मिळत नाही, आणि भांडण झालं तर तक्रार करायला नाव-नंबर काही नाही. पर्यटकांच्या टॅक्सींच्या मोठ्या संघटना म्हणजे जूटा, जेकॅल आणि मॅक्सी. गाडीवर त्यांचा शिक्का असतो.

माँटेगो बेच्या सँगस्टर विमानतळाचा क्रम असा: इमिग्रेशन, सामान, कस्टम, मग टूर कंपन्यांचे आणि टॅक्सीचे काउंटर असलेला हॉल, मग बाहेर. व्यवहार हॉलमध्येच करा. काउंटरवर ठिकाणांनुसार दर मिळतात. ते दर बहुधा गाडीचे असतात, चार जणांपर्यंत एकच रक्कम. बाहेर मात्र तीच रक्कम 'माणशी' म्हणून सांगितली जाते आणि चौघांचे चौपट होतात. म्हणून सागरगोट्यांचा दुसरा प्रश्न जसाच्या तसा विचारा: 'टोटल फॉर फोर?' आकडा कागदावर किंवा फोनवर लिहून ड्रायव्हरला दाखवा आणि पैसे उतरल्यावर द्या. पेट्रोलसाठी अर्धे आधी मागितले तर नको म्हणा.

बॅगा उचलणाऱ्यांबद्दल. अधिकृत हमालांच्या डोक्यावर लाल टोपी आणि गळ्यात ओळखपत्र असतं. बाकी कुणी ट्रॉलीच्या दांड्याला हात लावला तर तिथेच थांबा, चालत राहू नका. चाललात म्हणजे काम दिलंत असा अर्थ होतो. आई-बाबांना हे आधीच सांगून ठेवा. वयस्कर माणसांच्या हातातली बॅग 'मदत' म्हणून लगेच काढून घेतली जाते.

दुसरी एक युक्ती म्हणजे, 'तुमची हॉटेलची गाडी निघून गेली' किंवा 'ते काउंटर बंद झालंय'. सांगणारा कितीही गणवेशात असो, हॉटेलला स्वतः फोन लावा. मोफत वायफाय असतंच, पण नंबर आधीच लिहून ठेवा.

तळकोकणी

टॅक्सीबद्दल एक पुरवणी. जूटा वगैरे पर्यटकांसाठी. तिथले लोक स्वतः जातात ते 'रूट टॅक्सी'ने. आपल्या शेअर रिक्षासारखीच ती: ठरलेला मार्ग, ठरलेलं भाडं, गाडी भरली की सुटते. प्लेट तिचीही लाल, आणि मार्ग दारावर रंगवलेला असतो. भाडं सरकारच्या ट्रान्स्पोर्ट अथॉरिटीने ठरवलेलं असतं आणि ते जमैकन डॉलरमध्ये. निग्रिलच्या किनाऱ्यावरून गावात जायला हीच बरी.

फसगत कुठे होते ते सांगतो. गाडी रिकामी आली, तुम्ही हात केलात, बसलात. ड्रायव्हरने धरून चाललं की तुम्ही पूर्ण गाडी केलीत. त्याला तिथे 'चार्टर' म्हणतात आणि त्याचं भाडं रूटच्या कितीतरी पट. त्याच्या दृष्टीने यात चूक नाही, कारण रिकाम्या गाडीत एकटा परदेशी बसतो तो चार्टरसाठीच. म्हणून दार उघडण्याआधी 'रूट, नॉट चार्टर' एवढं म्हणा आणि भाडं विचारा. आणखी चांगलं म्हणजे आधीच दोन-तीन स्थानिक बसलेल्या गाडीतच चढा, आणि ते किती देतात ते बघून तेवढेच सुटे द्या.

रात्री मात्र रूट टॅक्सी नको. अंधार पडला की हॉटेलने बोलावलेली गाडीच. लांबच्या प्रवासाला, म्हणजे माँटेगो बे ते ओचो रिओस किंवा किंग्स्टन, नट्सफर्ड एक्सप्रेसच्या वातानुकूलित बस आहेत. तिकीट आधी काढता येतं आणि भावाचा प्रश्नच येत नाही.

मोगरी

सगळं बरोबर, पण सूर थोडा सांभाळूया. हा धागा वाचून कुणी प्रत्येक जमैकन माणसाकडे चोर म्हणून बघायला लागलं तर त्यांची सहल वाया जाईल आणि तिथल्या लोकांचा अपमान होईल. बाजारात माल विकणाऱ्या बायकांना तिथे 'हिगलर' म्हणतात. दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या कष्टाच्या बायका आहेत त्या. घासाघीस त्यांनाही मान्य आहे, पण अभिवादन न करता एकदम 'हाऊ मच' विचारलेलं त्यांना उद्धट वाटतं. तिथे दुकानात शिरतानाही आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायची रीत आहे. तेवढं म्हणालात तर निम्मे भाव आपोआप खाली येतात.

नकार देण्याची पद्धतही तीच. मान खाली घालून, न ऐकल्यासारखं करून पुढे गेलात तर माणूस मागे लागतो, कारण त्याला ते लागतं. थांबू नका, पण डोळ्यांत बघून म्हणा, 'नो थँक्स, आय'म गुड. रिस्पेक्ट.' पाय चालूच ठेवा. 'लेटर' किंवा 'उद्या बघू' मात्र म्हणू नका. ते वचन धरलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस खरंच वाट बघत असतो.

माँटेगो बेच्या हिप स्ट्रिपवर, म्हणजे हल्लीच्या जिमी क्लिफ बुलेव्हार्डवर, एक जुना डाव चालतो. अनोळखी माणूस मोठ्यांदा हाक मारतो: 'ओळखलं नाही का? तुमच्या हॉटेलात स्वयंपाकघरात असतो मी! आज माझी सुट्टी.' मनगटावरचा ऑल-इन्क्लुझिव्हचा पट्टा त्याने लांबूनच बघितलेला असतो. पट्ट्याच्या रंगावरून हॉटेल कळतं. मग 'माझ्या बहिणीचं दुकान', 'मुलीचा वाढदिवस', 'स्वस्त बाजार दाखवतो'. यावर उत्तर ठरलेलं ठेवा: 'छान, मग उद्या नाश्त्याला भेटू.' खरोखरचा कर्मचारी असेल तर तो खूश होतो, नसेल तर विषय तिथेच संपतो. बाहेर पडताना पट्टा बाहीखाली झाका.

आपल्या लोकांसाठी क्रिकेटचंही दार आहे. 'इंडिया! तेंडुलकर! कोहली!' ख्रिस गेल किंग्स्टनचाच, त्यामुळे गप्पा खऱ्याच रंगतात आणि रंगू द्याव्यात. फक्त गप्पा चालू असताना हातात काही दिलं तर घेऊ नका. माळ, शंख, सीडी, फूल, काहीही. वस्तू हातात आली की ती 'गिफ्ट' असते, आणि दोन मिनिटांनी तिची किंमत ठरते. हात मागे बांधून बोललं तरी चालतं.

सागरगोटा

मोगरीताई, सुराबद्दल पटलं. आता धबधब्यांकडे येतो, कारण तिथे पैसे थेंबाथेंबाने जातात.

डन्स रिव्हर फॉल्स, ओचो रिओसजवळ. उंची सुमारे ५५ मीटर, लांबी सुमारे १८० मीटर. पाण्यातून चढत जायचं आणि खाली थेट समुद्र. परदेशी प्रौढांना तिकीट २५ अमेरिकन डॉलरच्या आसपास. वर जे लागतात ते असे:

पाण्यात चढायचे रबरी बूट. पाय घसरू नये म्हणून ते हवेतच, पण गेटाबाहेर आणि आत भाड्याने घेतले तर प्रत्येक वेळी पैसे. घरून घेऊन जा, पुढे प्रत्येक धबधब्याला उपयोगी पडतात. लॉकरचे पैसे वेगळे. गाइड तिकिटात धरलेला असतो, पण चढाई संपली की टिपची अपेक्षा असते. चांगला सांभाळून नेणारा गाइड ती टिप कमावतो, तेव्हा ती मनापासून द्या, फक्त किती ते तुम्ही ठरवा. गाइडबरोबर कॅमेरावाला असतो. तो न विचारता चढाईभर शूटिंग करतो आणि शेवटी व्हिडिओ विकायला येतो. नको असेल तर पहिल्या पायरीलाच सांगा. मानवी साखळी करून चढवताना कुणी 'फोन माझ्याकडे द्या, मीच काढतो' म्हणालं तर फोन द्यायचा नाही. गळ्यात पाण्यापासून जपणारी पिशवी घाला.

खरी गंमत वर पोचल्यावर. बाहेर पडायची वाट क्राफ्ट मार्केटमधून वळणं घेत जाते. तुम्ही ओलेचिंब, दमलेले, आणि दोन्ही बाजूंनी प्रेमाने चौकशी: 'व्हॉट्स युअर नेम? हाऊ डू यू स्पेल इट?' स्पेलिंग सांगत असतानाच त्या माणसाच्या हातातली छिन्नी लाकडी मुखवट्यावर चालू झालेली असते. 'एस... एन... ई...' चार अक्षरं होईपर्यंत तुम्हाला कळतही नाही. मग, 'आता यावर तुझं नाव कोरलंय, मी कुणाला विकू?' आकडा ३०-४० अमेरिकन डॉलरचा असतो. नाव सांगायचं नाही, मुलांचंही नाही. मुलांना आधीच शिकवून ठेवा, कारण आपली मुलं स्पेलिंग विचारलं की उत्साहाने सांगतात. कोरून झालंच असेल तर पैसे द्यायला तुम्ही बांधील नाही. शांतपणे 'मी मागितलं नव्हतं' म्हणून चालत राहा. तिथे गणवेशातले टूरिझम कुरिअर्स, म्हणजे टूरिझम करटसी कोअरचे लोक असतात. त्यांच्या दिशेने चालत गेलात तरी पुरतं.

सेंट अ‍ॅन परगण्यातलं नाइन माइल, बॉब मार्लेचं जन्मगाव आणि समाधी, तिथेही बघायचं ठिकाण नीट आहे, त्रास गेटाबाहेरचा. गाडी थांबली की खिडकीशी गर्दी होते, 'मी गाइड', 'पार्किंगचे पैसे इकडे'. गाडी थेट आतल्या आवारात न्यायला सांगा आणि आत गेल्यावरच काच खाली करा. 'पुढचा रस्ता बंद आहे, मी शॉर्टकट दाखवतो' हे वाक्य कुठल्याही धबधब्याच्या वाटेवर ऐकू आलं तर पुढे जाऊन स्वतः बघा.

गलबत

@सागरगोटा, एक दुरुस्ती, नाव नुसतं 'टूरिझम करटसी कोअर' एवढंच आहे. कुरिअर वगैरे नाही.

पाण्यातल्या खेळांबद्दल लिहितो. सगळ्यात जास्त वाद जेट स्कीचे. किनाऱ्यावर माणूस येतो, अर्ध्या तासाचा भाव ठरतो, तुम्ही परत येता आणि तो तळाला पडलेला ओरखडा दाखवतो. कधी स्की एकच असते, पण बसणारे दोघं म्हणून भाव माणशी लावला जातो, कधी अर्ध्या तासाचे वीसच मिनिटं होतात. हॉटेलच्या किंवा परवाना असलेल्या वॉटर स्पोर्ट्स केंद्रातूनच घ्या. टीपीडीको या सरकारी संस्थेच्या तपासणीनंतर टूरिस्ट बोर्डाचा परवाना मिळतो आणि तो दर्शनी लावलेला असतो. बसण्याआधी स्कीच्या चारही बाजू आणि तळाची कड, सावकाश, एकाच सलग व्हिडिओत घ्या. त्या माणसाचा चेहराही त्यात येऊ द्या आणि वेळ मोठ्याने बोला. पासपोर्ट तारण म्हणून कधीही ठेवायचा नाही. लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून बघा. तुटलेला असेल तर तिथूनच परत फिरा. पैशांपेक्षा तो धोका मोठा.

मार्था ब्रे नदीवरचे बांबूचे तराफे सुरेख. सुमारे ३० फूट लांब, दोन प्रौढ बसतात, तीन मैल वाहत जायचं. तिकीट अधिकृत धक्क्यावरच काढा. वाटेत तराफा काठाला लागतो, तिथे शीतपेयं आणि कोरलेले भोपळे. थांबायचं नसेल तर सुरुवातीलाच नावाड्याला सांगा, त्याला वाईट वाटत नाही. नावाडीही वाटेत भोपळा कोरून दाखवतो. सुंदर काम असतं. हवा असेल तर कोरायला घेण्याआधी किंमत विचारा. त्याची टिप तिकिटात नसते.

आता मासे. किनाऱ्यावरच्या टपऱ्यांत मासा पौंडावर विकतात. मेन्यूवर किंमत दिसते ती पौंडाची, माशाची नाही. त्यांनी दीड किलोचा स्नॅपर तळून आणला की बिल तिप्पट. मासा तळण्याआधी निवडा, तुमच्यासमोर वजन करायला लावा, एकूण आकडा विचारा, मगच कढईत. आपल्याकडे मालवणात बाजारात जसं करतो तसंच.

शेवंड खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, १ एप्रिल ते ३० जून हा शेवंडीचा बंदीकाळ. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते, तसाच हेतू. त्या दिवसांत किनाऱ्यावर कुणी 'आज पहाटे पकडलेली ताजी शेवंड' देतो म्हणाला तर एक तर ती बेकायदा, नाही तर ताजी नाही. दोन्ही कारणांनी नको.

खडीसाखर

विचारायला संकोच वाटतो, पण विचारते. गांजा तिथे कायदेशीर आहे असं सगळे म्हणतात. दर दहा पावलांवर विचारतात म्हणे. खरं काय?

एडिसनकर

@खडीसाखर, संकोच नको, या प्रश्नाचं चुकीचं उत्तर सर्वात महाग पडतं.

शब्द आपलाच आहे. १० मे १८४५ ला 'ब्लंडेल हॉल' जहाज ओल्ड हार्बर बेला लागलं, त्यातून आणि पुढच्या जहाजांतून ऊसमळ्यांवर आलेल्या भारतीय मजुरांबरोबर 'गांजा' हा शब्द तिथे रुजला. त्यामुळे आपला चेहरा तिथे नवा नाही.

कायदा असा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर दोन औंसांपर्यंत, म्हणजे ५६ ग्रॅमपर्यंत जवळ बाळगणं फौजदारी गुन्हा राहिला नाही. पण ते कायदेशीरही झालं नाही. त्याला ५०० जमैकन डॉलरचा दंड आहे, वाहतुकीच्या चलनासारखा. सार्वजनिक जागी ओढणं मना आहे. परवान्याशिवाय विकणं गुन्हाच. परवानाधारक दुकानं आहेत, ती कॅनाबिस लायसन्सिंग अथॉरिटीच्या नियमांखाली चालतात. किनाऱ्यावर विकणारा त्यात बसत नाही.

सापळा असा लागतो: एक विकतो, पाच मिनिटांनी साध्या कपड्यातला दुसरा येतो, 'पोलीस' म्हणतो, अटकेची भीती घालतो आणि रोख मागतो. दोघं एकत्रच असतात. खरा पोलीस जागेवर रोख दंड घेत नाही. दंड भरायचा तो चलनावर, सरकारी करकार्यालयात. वाहतुकीच्या दंडाचंही तसंच. गणवेशातल्या शिपायाची काळी पँट असते, बाजूने वरून खाली तांबडी पट्टी. साध्या वेशातल्याकडे ओळखपत्र मागा, आवाज न चढवता म्हणा, 'चला, ठाण्यावर जाऊ', आणि ११९ लावा. खोटा माणूस ठाण्याकडे येत नाही. त्याच्या गाडीत मात्र बसू नका.

अमेरिकेत व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात हा अजूनही प्रतिबंधित पदार्थ आहे, आणि सेवनाची कबुलीसुद्धा प्रवेशाच्या वेळी अडचण करू शकते. विमानतळावर पिशवीत गांजाची एखादी सिगारेट विसरून राहिली तरी तिथे अटक होते. कुणाचीही 'छोटी भेट' घरी न्यायला घेऊ नका, पॅक केलेल्या केकसकट.

शमीपत्र

खूप उपयोगी. कार्ड वापरावं की रोख? एटीएम सुरक्षित असतात का?

तळकोकणी

मोठ्या हॉटेलात, सुपरमार्केटमध्ये कार्ड. टॅक्सी, बाजार, टपरी इथे रोख. एटीएम बँकेच्या आतलं घ्या, दिवसा. रस्त्यावरच्या एकट्या मशीनमध्ये कार्डाच्या खाचेला बोटाने हलवून बघा, सैल वाटली तर नको. नोटा बदलायच्या त्या बँकेत किंवा परवाना असलेल्या 'कँबिओ'त. विमानतळावर फक्त पहिल्या दिवसापुरते.

कार्ड मशीनवर दोन गोष्टी डोळ्यांनी वाचा. एक, आकड्याशेजारी जेएमडी आहे की यूएसडी. २,५०० जमैकनचं जेवण २,५०० अमेरिकन म्हणून टाकलं गेलं तर महिनाभर बँकेशी पत्रव्यवहार. दुसरं, मशीन 'तुमच्या चलनात भरायचं का' विचारतं. नाही म्हणा, जमैकनमध्येच भरा. त्या सोयीत मशीनवाल्याचा दर लागतो. बिलात जीसीटी (आपल्या जीएसटीसारखा तिथला कर) आणि सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असतो बऱ्याचदा. तरी खाली टिपची रिकामी ओळ असतेच. वरच्या ओळी वाचल्याशिवाय ती भरू नका.

२०२३ पासून नव्या नोटा पॉलिमरच्या आल्या आहेत, त्यांना पारदर्शक खिडकी असते. जुन्याही चालतात. फाटकी अमेरिकन नोट सुट्टे म्हणून परत दिली तर घेऊ नका, पुढे कुणी घेत नाही.

मोगरी

खरेदीबद्दल दोनच गोष्टी.

ब्लू माउंटन कॉफी. खरी कॉफी सेंट अँड्र्यू, सेंट थॉमस, पोर्टलंड आणि सेंट मेरी या परगण्यांतल्या डोंगरात, ठरावीक उंचीवरच्या पट्ट्यात पिकते आणि तिच्यावर जॅक्रा या सरकारी संस्थेची देखरेख असते. पाकिटावर शंभर टक्के लिहिलंय का ते बघा. 'ब्लू माउंटन ब्लेंड' म्हणजे त्यात दुसरी कॉफी मिसळलेली. 'ब्लू माउंटन स्टाइल'मध्ये ती मुळीच नसू शकते. 'हाय माउंटन' ही वेगळी, चांगली, पण स्वस्त असायला हवी अशी कॉफी. किनाऱ्यावर कापडी पिशवीत १० डॉलरला अर्धा किलो मिळत असेल तर ती ब्लू माउंटन नाही, कारण त्या भावात ती शेतकऱ्याकडेही मिळत नाही. सुपरमार्केटमध्ये विमानतळापेक्षा स्वस्त मिळते.

दुसरं, काळ्या प्रवाळाचे दागिने आणि कासवाच्या पाठीच्या बांगड्या. विकणारा 'परवानगी आहे' सांगतो. काळं प्रवाळ वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स (CITES) कराराच्या यादीत आहे, समुद्री कासव तर सर्वात कडक यादीत. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही काळ्या प्रवाळाला संरक्षण आहे. मुंबईला कस्टममध्ये सापडलं तर वस्तू जाते आणि वर खटला. कुणासाठी पोवळं आणायचा विचार असेल तर तोही तिथून नको. आणि त्या कासवांचं काय होतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा.

गलबत

हॉटेल बुकिंगचं राहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा वादळाने बेटाच्या पश्चिम भागाचं मोठं नुकसान केलं. व्हिलांच्या जाहिरातीतले फोटो वादळाआधीचे असू शकतात. मालकाला आजच्या तारखेचा व्हिडिओ मागा, परवाना क्रमांक मागा, आणि पैसे बुकिंग साइटच्या बाहेर, थेट खात्यावर कधीही पाठवू नका. सवलत कितीही असो.

लॉबीत 'वेलकम डेस्क' असतो, फुकट सहल किंवा मसाज देतो, बदल्यात ९० मिनिटांचं सादरीकरण. ते व्हेकेशन क्लबचं. ९० मिनिटांचे तीन-चार तास होतात, 'ही ऑफर आजच' असं दर दहा मिनिटांनी सांगतात. जाऊच नका. गेलात तर कार्ड खोलीत ठेवून जा आणि त्या दिवशी सही करू नका.

आणि परत आल्यावर. लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर फोन नंबर लिहिलात तर तो पुढे विकला जाऊ शकतो. ८७६ किंवा ६५८ या जमैकाच्या कोडने सुरू होणारा फोन येतो, तुम्ही लॉटरी जिंकलात, फक्त कर आधी भरा. हा प्रकार इतका वाढला की जमैकाने २०१३ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. अमेरिकेत एकटे राहणारे वयस्कर लोक यात आयुष्यभराची पुंजी घालवून बसलेत. आई-बाबांचा नंबर कुठल्याही चिठ्ठीवर लिहू देऊ नका, @शमीपत्र.

शमीपत्र

नाही देणार. शेवटचा प्रश्न: चुकून काही झालंच तर? आणि उरलेल्या जमैकन नोटांचं काय करायचं?

सागरगोटा

पोलीस ११९, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११०. कार्ड गेलं तर आधी बँकेला फोन, मग पोलिसांत लेखी तक्रार, आणि तिची प्रत घ्या. विम्याचा दावा त्या प्रतीशिवाय चालत नाही. टॅक्सीशी वाद झाला तर लाल प्लेटचा फोटो पुरेसा असतो. किंग्स्टनला भारताचं उच्चायुक्तालय आहे, पासपोर्ट हरवला तर तिथे. पासपोर्टच्या दोन प्रती वेगवेगळ्या बॅगांत ठेवा.

नोटा शेवटच्या दोन दिवसांत संपवत आणा. भारतात जमैकन डॉलर कुणी घेत नाही, अमेरिकेतही बदलून दर चांगला मिळत नाही. नाणी तर कुठेच बदलून मिळत नाहीत. ती निघायच्या दिवशी सकाळी गेटाबाहेरच्या नारळवाल्याला द्या. एका शहाळ्याचे पैसे बहुतेक त्यातच निघतात.